'एलायझा' पुस्तकात, पिपेट हाती कधी?

शिरूर/दौंड : सलाइनची बाटली जंतुविरहित आहे, एवढ्यावरून ती निर्धोक ठरत नाही. १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेत जिवाणू मरतात. मात्र त्यांतील काहींच्या भित्तिकेत असणारे 'एंडोटॉक्सिन' हे द्रव्य त्यानंतरही शाबूत राहते. ते शिरेवाटे शरीरात गेल्यास रुग्णाला हुडहुडी भरून ताप येतो. मात्रा अधिक असल्यास प्राणावरही बेतते. हे द्रव्य हुडकण्याचे कौशल्य केवळ वाचनाने येत नाही. दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचे कारखाने असल्याने शिरूर-दौंड परिसरातील विज्ञान व औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी हा प्रश्न थेट रोजगाराशी निगडित आहे.

पूर्वी या तपासणीसाठी सशाच्या शिरेत औषध टोचून त्याचा ताप मोजत असत. पुढे घोड्याच्या नालेच्या आकाराच्या एका सागरी खेकड्याच्या निळसर रक्ताने हे काम सोपे केले. (नावात खेकडा असला, तरी हा प्राणी कोळ्यांचा जवळचा आप्त.) त्याच्या रक्तपेशींच्या अर्काची एंडोटॉक्सिनशी गाठ पडताच गुठळी होते, हीच त्याची प्रतिकारशक्ती. नमुना व अर्क प्रत्येकी ०.१ मिलिलिटर घेऊन नळी ३७ अंशांवर तासभर न हलविता ठेवायची आणि मग अलगद उलटी करायची. गोळा घट्ट राहिला तर नमुना सदोष. ऐकायला हे सोपे वाटते. परंतु नळी किंचित हिंदकळली, तर तयार होत असलेली गुठळी मोडते आणि सदोष औषध निर्दोष ठरते. काचेची भांडीही नुसती उकळून चालत नाहीत. २५० अंशांच्या कोरड्या उष्णतेत किमान अर्धा तास ठेवावी लागतात. हाताला ही शिस्त लागण्यास अनेकदा चुकावे लागते, आणि ते चुकणे कारखान्यात परवडत नाही.

'एलायझा' चाचणीचेही तसेच. स्वीडनमध्ये १९७१ मध्ये पुढे आलेली ही पद्धत मे २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने विकसित केलेल्या 'कोविड कवच'मुळे घरोघरी ठाऊक झाली. ९६ खळग्यांच्या तबकडीत प्रतिजन चिकटवायचे, त्यावर रक्तद्रव सोडायचे, प्रतिपिंड जोडला गेला असल्यास विकराच्या साह्याने रंग उमटतो. सारी मेख धुण्यात आहे. एक खळगा नीट धुतला गेला नाही, तर नसलेला प्रतिपिंडही 'दिसू' लागतो.

भारतीय फार्मसी परिषदेने २०१७-१८ च्या सुमारास लागू केलेल्या बी. फार्म. अभ्यासक्रमात 'एलायझा' सहाव्या सत्रातील जैवतंत्रज्ञानाच्या विषयात येते. मात्र त्या विषयाला प्रात्यक्षिकाची जोड नाही. औषधशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत प्राण्यांवरील प्रयोग संगणकीय आज्ञावली व चित्रफितींद्वारे दाखविण्याची तरतूद आहे. प्राण्यांचा छळ टळला, हे योग्यच झाले. २०२३ मध्ये केंद्र सरकारने नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून प्राण्यांविना होणाऱ्या चाचण्यांना वाव दिला, तोही त्याच दिशेने. परंतु पडद्यावरील पिपेटमध्ये हवेचा बुडबुडा कधीच शिरत नाही.

सर्वच चाचण्यांना महागडी यंत्रे लागतात, असे नाही. रक्तगट तपासणी, विषमज्वरासाठीची विडाल चाचणी, अगारच्या थरात प्रतिजन व प्रतिपिंडाच्या भेटीची पांढरी रेघ उमटविणारा प्रयोग, हे सारे साध्या प्रयोगशाळेतही होऊ शकते. त्यानंतर पैसे भरून एखाद्या अल्पमुदतीच्या प्रशिक्षणास जायचे असल्यास पालकांनी आधी दोनच गोष्टी विचाराव्यात : प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती स्वतंत्र पिपेट किती तास असेल, आणि चाचणी फसल्यास ती पुन्हा करू दिली जाईल काय.