जुन्या संगणकाची नक्कल : यंत्राची आणि आज्ञावलीची

सदाशिव पेठेतील एखादा वाडा पाडावयाचे ठरले म्हणजे प्रथम माळे मोकळे केले जातात. पितळेची भांडी, जुनी पंचांगे, आजोबांची पत्रे यांना कोणी ना कोणी वाली निघतो. परंतु काळ्या प्लॅस्टिकचा, कळा बसविलेला एक चपटा डबा आणि त्याच्यासोबत चपलांच्या खोक्यात ठेवलेल्या पाचपंचवीस कॅसेटी यांचे काय करावयाचे, हे घरात कोणालाच ठरविता येत नाही. अखेर भंगारवाल्याच्या काट्यावर त्यांचे मोल प्लॅस्टिकच्या भावाने होते. हा डबा म्हणजे पुष्कळदा ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ नावाचा घरगुती संगणक असतो. तो बाजारात आणणारी कंपनी पुण्याची होती, ही गोष्ट आज पुण्यातही फारशी कोणाच्या स्मरणात नाही.

इंग्लंडमधील केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्च या कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम हा संगणक विक्रीस आणला. ४८ किलोबाइट स्मृतीच्या यंत्राची किंमत १७५ पौंड होती. घरातील दूरदर्शन संच हा त्याचा पडदा आणि गाणी ऐकण्याचा टेपरेकॉर्डर हे त्याचे कोठार. १९८४ मध्ये त्याची ‘प्लस’ ही सुधारलेली आवृत्ती निघाली आणि पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने त्याच दशकाच्या उत्तरार्धात परवाना घेऊन ती भारतात आणली. नोव्हेंबर १९८४ च्या केंद्र सरकारच्या संगणक धोरणाने वारे बदलले होते. १९८४-८५ पासून ‘क्लास’ योजनेखाली निवडक शाळांत बीबीसी मायक्रो ही यंत्रे येऊ लागली होती. तथापि शाळेतील संगणकाला बहुधा कुलूप असे. मध्यमवर्गीय घरातील मुलाला ज्यावर मनमुराद चुका करता आल्या, तो संगणक म्हणजे हा काळा डबा.

आता ही यंत्रे एकामागून एक बंद पडत आहेत आणि ती जपण्याचे दोन मार्ग जगभर अवलंबिले जात आहेत. पहिला मार्ग एम्युलेटरचा. आजच्या संगणकावर चालणारी ही एक आज्ञावली. जुन्या यंत्रातील झेड-८० हा प्रक्रियक ज्या क्रमाने आज्ञा वाचीत असे, त्याच क्रमाने ती त्या वाचते आणि त्याने जे केले असते ते करते. १९८६ मध्ये सिंक्लेअरचा संगणक-व्यवसाय विकत घेणाऱ्या अ‍ॅमस्ट्रॅडने १९९९ मध्ये, स्वामित्व आपल्याकडे राखून, मूळ यंत्रातील १६ किलोबाइटची कायम आज्ञावली एम्युलेटरसोबत वाटण्यास अनुमती दिली. त्यामुळे हा मार्ग कायद्याच्या दृष्टीनेही पुष्कळसा मोकळा झाला. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर येथे पहिली प्रत करण्यास अपार श्रम पडतात, आणि पुढच्या लाख प्रतींना जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

दुसरा मार्ग यंत्रच पुन्हा घडविण्याचा. झायलॉग कंपनीने मूळ झेड-८० चे उत्पादन थांबवीत असल्याचे २०२४ मध्ये जाहीर केले. पण मोठी अडचण होती ती फेरांटी या कंपनीने सिंक्लेअरसाठी बनविलेल्या ‘यूएलए’ या चिपची. चित्र, ध्वनी, कळफलक, टेप असा सारा कारभार ती एकटी पाही. ख्रिस स्मिथ यांनी त्या चिपची अंतर्रचना उलगडून २०१० मध्ये ग्रंथरूपाने मांडली. काही हौशी अभ्यासकांनी बाजारात सहज मिळणाऱ्या साध्या चिपा जुळवून ‘हार्लेक्विन’ हे तिचे प्रतिरूप उभे केले. काहींनी एफपीजीए नावाची चिप वापरली. या चिपमधील मंडलांची जोडणी कारखान्यात कायमची ठरत नाही, हवी तशी मागाहून करता येते. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून सव्वासात लाख पौंडांच्या आसपास निधी जमवून निघालेला ‘स्पेक्ट्रम नेक्स्ट’ याच जातीचा. वर्गणीदारांच्या हाती तो पडावयास २०२० साल उजाडले.

(गंमत अशी की, २०२४ च्या अखेरीस रबरी कळांसह हुबेहूब जुन्या रूपात जो ‘द स्पेक्ट्रम’ बाजारात आला, त्याच्या पोटात एम्युलेटरच आहे. कवच यंत्राचे, आत्मा आज्ञावलीचा!)

‘यंत्र तेच खरे, बाकी सारा आभास’ असा एक अभिमान या मंडळींत ऐकू येतो. तो तपासून पाहिला पाहिजे. मूळ स्पेक्ट्रममध्ये प्रक्रियक आणि यूएलए हे स्मृतीच्या एका भागाचे समाईक मालक होते. पडद्यावर चित्र उमटविण्याची वेळ आली की यूएलए पुढे होई आणि प्रक्रियकाला क्षणभर थांबावे लागे. सेकंदाला ३५ लाख ठोके पडणाऱ्या त्या यंत्रात कोणत्या ठोक्याला कोण थांबला, यावर चतुर कार्यक्रमकारांनी आपली कारागिरी उभी केली. पडद्याच्या कडेवरील रंगीत पट्टे हे त्याचेच उदाहरण. एफपीजीएत ही दोन्ही कामे खरोखरीच एकाच वेळी चालतात. एम्युलेटर ती एकामागून एक करतो, पण ठोक्यांचा हिशेब काटेकोर ठेवला तर त्याचे उत्तरही बिनचूक येते. कळ दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंत जो किंचित विलंब जाणवतो, तो बहुतांशी आजच्या संगणकाची कार्यप्रणाली आणि सपाट पडदा यांच्यामुळे. आणि तसला पडदा जोडला तर एफपीजीएही त्यातून पुरता सुटत नाही. शिवाय एफपीजीएतील मंडलांचे वर्णनही कोणा माणसानेच लिहिलेले असते. त्याचे आकलन चुकले तर ‘खरे’ यंत्रही चुकीचेच वागणार.

सदाशिव पेठेतल्याच भारत इतिहास संशोधक मंडळात हा भेद फार पूर्वीपासून ओळखला गेला आहे. मोडी कागदाचे बाळबोध लिप्यंतर अभ्यासकाला मजकूर देते. कागदाचा पोत, शाई, शिक्का देत नाही. म्हणून मूळ दप्तरही जपावे लागते आणि लिप्यंतरही करावे लागते. मात्र लिप्यंतर सुवाच्य अक्षरात केले म्हणून ते मूळ ठरत नाही, तसेच एफपीजीएचेही आहे. शाळा-महाविद्यालयांपुरते बोलावयाचे तर एम्युलेटर पुरेसा आहे. वर्गातील साठ मुलांना जुन्या बेसिक भाषेची ओळख करून देण्यासाठी परदेशी मंडळे मागविण्यात, त्यांवर आयातकर भरण्यात काहीच शहाणपण नाही. एखादे चालू मूळ यंत्र शहरात कोठेतरी जतन व्हावे आणि ते हाताळता यावे, एवढी अपेक्षा रास्त होय.

परंतु या वादात एक गोष्ट दोन्ही पक्षांच्या नजरेतून निसटते. स्पेक्ट्रम हे यंत्र लंडनमध्ये जपले गेले काय आणि पुण्यात जपले गेले काय, ते एकच. त्याच्या इंग्रजी खेळांचा साठा तर परदेशी हौशींनी केव्हाच गोळा केला आहे. एकमेव आहे ते चपलांच्या खोक्यातील कॅसेटींवरचे लेखन : एखाद्या शिक्षकाने गुणपत्रकासाठी रचलेली आज्ञावली, एखाद्या कारकुनाने मांडलेला पतपेढीच्या व्याजाचा हिशेब, मुलाने सुटीत केलेला अर्धवट खेळ. या यंत्रात २१ चिन्हे वापरणाऱ्याला स्वतः आखता येत, प्रत्येक चिन्ह आठ गुणिले आठ ठिपक्यांचे. तेवढ्या चौकटीत कोणी देवनागरी बसविण्याची धडपड केली असेल, तर तिचा पुरावा त्या फितीखेरीज अन्यत्र असण्याचा संभव नाही. पुण्याच्या पावसाळी दमटपणात फितीवर बुरशी धरते आणि बुरशीला एम्युलेटरही वाचू शकत नाही.

फीत वाचविण्यासाठी मात्र स्पेक्ट्रमही लागत नाही आणि त्याची नक्कलही लागत नाही. तिच्यावर जे आहे तो केवळ ध्वनी आहे : आखूड स्पंद म्हणजे शून्य, त्याच्या दुप्पट लांबीचा म्हणजे एक. चांगल्या स्थितीतील कोणताही टेपरेकॉर्डर घ्यावा, त्याच्या श्रवण-छिद्रातून तारेने आजच्या संगणकाला जोडावा, आणि आवाज दाबून लहान न करता जसाच्या तसा नोंदवून ठेवावा. सूर बसका वाटल्यास वाचक-शीर्षाजवळचा छोटा स्क्रू किंचित फिरवून तो स्वच्छ करून घ्यावा. ४८ किलोबाइटची पुरी आज्ञावली पाच मिनिटांच्या आत उतरते. तिचा अर्थ लावण्याचे काम सावकाश, पुढे केव्हाही करता येईल. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी पडताळ्याचा एक अंक असतो, त्यावरून नोंद शुद्ध आहे की नाही हेही कळते. वाड्याचा करार झाल्यापासून माळा मोकळा होईपर्यंत जे काही महिने मिळतात, तेवढ्यात एका खोक्यातील कॅसेटी सहज उतरवून होतात.