गटाराचा पाईप वरून का झिजतो?

आठवीच्या वर्गात एकदा विचारून बघा: सांडपाण्याचा काँक्रीटचा पाईप आधी कुठे खराब होईल? बहुतेक मुलं सांगतील, तळाशी. पाणी तिथूनच वाहतं ना! तुम्ही-मीही हेच सांगितलं असतं. पण अशा पाईपचं छत आधी झिजतं, जिथे पाणी पोचतच नाही.

पाण्याखाली पाईपच्या भिंतीवर बुळबुळीत थर साचतो. त्यात आत प्राणवायू नसतो. तिथले जिवाणू सांडपाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो याच वायूचा. पाणी संथ आणि कोमट असेल तर जास्तच. वायू वर येतो, ओलसर छतावर बसतो आणि तिथले दुसरे जिवाणू प्राणवायू वापरून त्याचं चक्क सल्फ्यूरिक आम्ल करतात. हे जिवाणू मेलबर्नच्या सी. डी. पार्कर यांनी 1945 मध्ये वेगळे करून दाखवले.

नव्या काँक्रीटचा सामू 12-13 असतो, म्हणून सुरुवातीला या जिवाणूंची डाळ शिजत नाही. पण सामू हळूहळू उतरतो आणि शेवटी पृष्ठभागावर 1-2 पर्यंत येतो! सिमेंटमधल्या चुन्याचं जिप्सम होतं, म्हणजे बोटाने खरवडता येईल असा पांढरा लगदा. तो गळून पडला की आतलं ताजं काँक्रीट उघडं पडतं. मग सळईची पाळी. सळई गंजून फुगते आणि काँक्रीटला तडे देते.

वर्गात अंड्याचं कवच व्हिनेगरमध्ये टाकून दाखवा. प्रक्रिया अगदी तीच नाही, पण आम्लापुढे चुन्याचं काय होतं ते मुलांना दिसतं.

एक गंमत सांगते. अमेरिकेत लॉस एंजेलिस परगण्यात कारखान्यांच्या सांडपाण्यातले विषारी धातू कमी केले, तेव्हा पाईपची झीज उलट वाढली. ते धातू सल्फाइडला बांधून ठेवत होते आणि जिवाणूंनाही मारक होते.

छत फुटलं की वरची माती पाईपमध्ये ओघळते. रस्त्याखाली पोकळी होते, डांबर मात्र वरून जसंच्या तसं दिसतं. एखादी बस गेली की खचतं. म्हणून पाईपमध्ये कॅमेरा सोडून तपासणी करतात, आत प्लास्टिकचं अस्तर लावतात.

आणि मुलांना हे जरूर सांगा: हा वायू जास्त असला की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो. वास थांबला म्हणजे वायू गेला, असं नाही. मॅनहोलमध्ये उतरलेली माणसं अशीच दगावतात. सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे.