उत्पादक संघटनेस मार्गदर्शक संस्था कशासाठी?

शेतकरी उत्पादक संघटनेची नोंदणी करणे सोपे, ती चालविणे अवघड होय. जमाखर्च, लेखापरीक्षण, परवाने, व्यापाऱ्याशी करारमदार ही कामे शेतकऱ्याच्या नित्य परिचयाची नसतात. म्हणूनच केंद्र शासनाने २०२० साली आखलेल्या दहा हजार संघटनांच्या योजनेत, संघटनेबरोबरच तिला काम शिकविणाऱ्या संस्थेसाठीही तरतूद केली. या संस्थेस सीबीबीओ म्हणतात.

संघटनेस व्यवस्थापनासाठी तीन वर्षांत कमाल १८ लाख रुपये, तर या संस्थेस एका संघटनेमागे पाच वर्षांत कमाल २५ लाख रुपये ठरले. हा आकडा ऐकून सभासद कुरकुरतात, आणि ते अगदीच गैर नाही. संस्थेने स्वतःच कागद रंगवून दिले, तर संघटना पांगळीच राहावयाची.

व्यवस्थापक व हिशेबनीस यांचे वेतन या १८ लाखांतूनच भागते. चौथ्या वर्षापासून ते संघटनेच्या मिळकतीतून द्यावे लागते. यास्तव दुसऱ्या वर्षापासूनच हिशेब गावातील होतकरू तरुणाने अगर तरुणीने लिहावा व संस्थेने तो केवळ तपासावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी संघटनेच्या बैठकीस जाताना खतावणी मागून पाहावी, व त्यातील नोंदी कोणाच्या हातच्या आहेत हे आवर्जून विचारावे.