काळ्या मातीत लोह भरपूर, तरी ऊस पिवळा का?

उसाची कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असे दिसले की आपण केवडा म्हणतो आणि लोह कमी पडले असे समजून हिराकसाचे पोते आणतो. नोकरीच्या सुरुवातीला मीही तशीच शिफारस करायचो. पण ही माती ज्या खडकापासून झाली त्याचे रसायन पाहिले, तर हिशेब वेगळा निघतो.

आपल्या काळ्या जमिनीखालचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो तयार झाला. हे वय खडकातल्या पोटॅशियमवरून काढतात. त्याचा किरणोत्सर्गी अंश ठरावीक गतीने आर्गॉन वायूत बदलतो. अडकलेला आर्गॉन मोजला की वय कळते. या खडकात लोहाचे ऑक्साइड १० टक्क्यांहून जास्त असते आणि चुनाही जवळपास तेवढाच.

पुढचे पावसाने ठरवले. कोकणात धो-धो पावसाने चुना, मॅग्नेशियम, सिलिका धुऊन नेले. लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले, तोच तांबडा जांभा. बीदरच्या पठारावर आज कोकणासारखा पाऊस नाही, तरी तिथे जांभा आहे. म्हणून तिथले हवामान कधीकाळी जास्त ओले असावे असे भूवैज्ञानिक मानतात. देशावर मात्र खडकातून सुटलेला चुना वाहून न जाता मातीतच साचला. विहीर खोदताना लागणारे पांढरे खडे तेच.

अशा जमिनीचा सामू ८ च्या वर जातो आणि लोह गंजासारख्या, पाण्यात न विरघळणाऱ्या रूपात अडकते. मुळांना ते घेता येत नाही. तुम्ही मोकळे टाकलेले हिराकसही थोड्याच दिवसांत तसेच होते, म्हणजे पैसे मातीत.

म्हणून आधी माती परीक्षणात सामू आणि मुक्त चुना तपासून घ्या. घाई असेल तर ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाका (हातमोजे घालून). जोरात फेस आला तर चुना जास्त. मग हेक्टरी २५ किलो हिराकस दहापट शेणखतात आठवडाभर मुरवून सरीत द्या. पिवळेपणा दिसत असेल तर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकसाची फवारणी सकाळी किंवा संध्याकाळी करा. हिराकस हिरवट असावे, तपकिरी पडलेले घेऊ नका. आणि सरीत पाणी तुंबू देऊ नका, त्याने केवडा वाढतो.