रानातला ताप आणि संशोधकाचा परवाना

फाल्गुन-चैत्रात काजूची बोंडे पिकू लागली म्हणजे पेडणे आणि डिचोली या तालुक्यांतील डोंगरउतार माणसांनी गजबजून जातात. कोणी बोंडे वेचतो, कोणी पातेरा गोळा करतो, कोणी जळण आणतो. रानात माकडे मरून पडली किंवा गावात तापाची साथ उठली, तर याच दिवसांत काही परकी माणसेही गावात येतात. कोणी पांढरे कापड गवतावरून ओढीत नेतो आणि त्याला चिकटलेल्या गोचिडी चिमट्याने कुपीत भरतो. कोणी घरोघर फिरून आजाऱ्यांची नावे टिपतो आणि रक्ताचा नमुना मागतो. अशा वेळी गावकऱ्याच्या मनात प्रश्न उभा राहतो, की ही माणसे कोणाच्या परवानगीने आली? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर प्रत्येक नागरिकास ठाऊक असले पाहिजे.

या तापाचे नाव माकडताप. 1957 साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि भोवतालच्या खेड्यांतील माणसेही तापाने फणफणली. आफ्रिका व दक्षिण अमेरिका या खंडांत आढळणारा पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी प्रथम भीती वाटली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने कसून तपास केला, तेव्हा हा विषाणू अगदी नवा असल्याचे आढळले. रानातली गोचीड चावल्याने तो माणसाच्या अंगात शिरतो. एका माणसाचा ताप दुसऱ्यास लागत नाही. तीन ते आठ दिवसांनी एकाएकी थंडी वाजून ताप येतो, डोके व अंग विलक्षण दुखते, ओकाऱ्या होतात, क्वचित रक्तस्रावही होतो. शंभरांतील सुमारे तीन ते पाच रोगी दगावतात.

पुष्कळ वर्षे हा रोग कर्नाटकातच होता. 2015 साली तो सत्तरी तालुक्यातील पाली गावात प्रकट झाला. 2016 साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आणि 2017 साली सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरात त्याचे रोगी आढळले. दोडामार्गची शीव डिचोलीला लागून आहे, आणि बांदा तर पेडण्याच्या पत्रादेवी नाक्यापलीकडे हाकेच्या अंतरावर आहे. गोचिडीस आणि माकडास राज्याची सरहद्द कळत नाही. तेव्हा एका बाजूच्या गावी काय घडले, हे दुसऱ्या बाजूस कळणे अगत्याचे ठरते.

या एका तापाचा छडा लावावयाचा तर तीन प्रकारचे संशोधन करावे लागते. माणसाच्या रक्तात विषाणू आहे काय, हे पाहणे आरोग्याचे संशोधन. माकडे कोठे मरतात आणि गोचिडी कोणत्या प्राण्यांवर वाढतात, हे पाहणे वन्यजीवांचे संशोधन. रानात कोण जातो, कोणत्या महिन्यांत जातो, आणि लस समोर असताना कित्येकजण ती का नाकारतात, हे समजून घेणे समाजशास्त्राचे संशोधन. यांपैकी एकही बाजू सुटली तर रोगाचे चित्र अपुरे राहते. तथापि तिन्हींना एकच परवाना पुरत नाही.

अभयारण्यात शिरून वन्यप्राण्यांचा अभ्यास करावयाचा असेल तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाची परवानगी लागते. परदेशी संशोधकास येथील जैविक संपत्ती अभ्यासासाठी हवी असल्यास 2002 च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वसंमती घ्यावी लागते. याच कायद्याप्रमाणे पंचायतीच्या पातळीवरही जैवविविधता समिती असते. म्हणजे गावालाही या व्यवहारात स्थान आहे.

माणसांवरील संशोधनाची अट याहून कडक आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्याचे सविस्तर नियम 2000 साली प्रसिद्ध केले आणि पुढे 2006 व 2017 साली त्यांत सुधारणा केल्या. प्रथम नीतिसमितीची संमती मिळवावी लागते. या समितीत केवळ डॉक्टर नसतात. कायद्याचा जाणकार असतो, स्त्री-सदस्य असते, समाजशास्त्र वा नीतिशास्त्र जाणणारी व्यक्ती असते, आणि एक सर्वसाधारण नागरिकही असतो. विद्वानांचा कागद सामान्य माणसास समजतो की नाही, हे पाहणारा कोणीतरी तेथे बसलेला असावा, हा त्यामागचा हेतू होय.

समितीची संमती मिळाली तरी काम भागत नाही. ज्याचे रक्त घ्यावयाचे त्याची संमती निराळी. ती त्यास समजणाऱ्या भाषेत, कोकणीत वा मराठीत, समजावून घेतली पाहिजे. ज्यास वाचता येत नाही त्याच्यासाठी त्रयस्थ साक्षीदार हवा. मुलाच्या बाबतीत पालकांची परवानगी तर हवीच. शिवाय सात वर्षांवरील मुलास त्याची स्वतःचीही तयारी विचारावी, असा नियम आहे. होकार दिल्यावरही मधूनच माघार घेता येते, आणि माघार घेतली म्हणून इस्पितळातील उपचारास कोणी मुकत नाही.

केवळ प्रश्न विचारणारा समाजशास्त्रज्ञही या नियमांतून सुटत नाही. त्याच्या प्रश्नाने शरीरास इजा होत नसली, तरी अमक्या घरात ताप आहे ही वार्ता फुटली तर त्या घरच्या मजुरास काम मिळेनासे होते. म्हणून नावे गुप्त राखणे त्याचे कर्तव्य ठरते.

ही बंधने उगीच आलेली नाहीत. माकडतापाचा विषाणू रशियातील एका विषाणूशी मिळताजुळता निघाला. स्थलांतर करणारे पक्षी तिकडच्या गोचिडी आणतात काय, हे शोधण्यासाठी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांच्या पायांत वाळी घालण्याचे काम हाती घेतले. आरंभी त्यास जागतिक आरोग्य संघटनेचे साह्य होते. पुढे अमेरिकन लष्कराचा पैसा आला आणि लोकांत संशय बळावला. 1975 साली संसदेच्या लोकलेखा समितीने अशा परदेशी सहकार्याच्या संशोधनावर कडक ताशेरे ओढले. काम चांगले असले तरी पैसा कोणाचा आणि माहिती कोठे जाणार, हे उघड नसेल तर विश्वास ढळतो, हा त्यातला धडा.

इतर देशांनीही हेच केले आहे. पुष्कळ गोमंतकीय कुटुंबांनी ज्या टांझानियात उदरनिर्वाह केला, तेथे वैद्यकीय संशोधनासाठी 1979 साली, वन्यजीवांसाठी 1980 साली आणि एकंदर विज्ञानाच्या देखरेखीसाठी 1986 साली स्वतंत्र संस्थांचे कायदे झाले. बाहेरचा संशोधक आला की त्यास आधी या दारांतून जावे लागते.

माकडतापाच्या बाबतीत हा विषय आज विशेष निकडीचा आहे. पूर्वीची लस फारशी गुणकारी ठरेना, म्हणून 2022 साली तिचा वापर थांबला. अधिक प्रभावी लस तयार करण्याचे काम आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने हाती घेतले आहे. कोणतीही लस अखेर माणसांवरच पारखावी लागते, आणि त्या पारखीसाठी पुढे येणारी माणसे विश्वासावाचून मिळत नाहीत. शंकेपायी सारेच दार लावून बसले, तर पुढच्या हंगामात काजूच्या रानात जाणारा मजूर उघडाच राहील. उलट, डोळे मिटून अंगठा उठविला, तर उद्या फसवणुकीस वाव मिळेल.

यास्तव मधला मार्ग धरावा. दारी आलेल्या संशोधकास संस्थेचे नाव आणि नीतिसमितीचे पत्र विचारावे. नमुना कोठे जाणार आणि निष्कर्ष गावास कधी कळविणार, हेही विचारावे. उत्तर नीट मिळाले तर मनमोकळेपणाने सहकार्य करावे. रानात मेलेले माकड दिसल्यास त्यास हात न लावता वनखात्यास आणि आरोग्यकेंद्रास कळवावे. रानात जाताना अंगभर कपडे घालावे, परतल्यावर गरम पाण्याने स्नान करावे, आणि ताप आला तर आपण रानात गेलो होतो हे डॉक्टरांस आवर्जून सांगावे. शासनाचा परवाना संशोधकास गावाच्या वेशीपर्यंत आणतो. उंबरठ्याच्या आत बोलावण्याचा अधिकार मात्र घरधन्याचाच आहे, आणि तो त्याने जाणतेपणाने वापरावा.