शिकारी रायफल आणि स्वहस्ते भरलेली काडतुसे : अचूकतेतील दोषांचे निदान

प्रस्तावना :
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शिकार परवाना घेऊन व ठरावीक हंगामातच करता येते. तेथील अनेक शिकारी आपली काडतुसे स्वतःच भरतात. एकदा उडालेली पितळी पुंगळी साच्यातून पुन्हा मूळ आकारात आणणे, तिच्या बुडाशी नवा प्रायमर बसवणे, तोलून दारू घालणे आणि तोंडाशी गोळी दाबून बसवणे, असे या कामाचे चार टप्पे असतात. त्यात खर्चाची बचत होते हे खरे. परंतु आपल्या रायफलला मानवेल असे काडतूस तयार करता यावे, हा त्यामागील मोठा हेतू होय. प्रत्यक्षात मात्र पुष्कळदा निराशा पदरी येते. काळजीपूर्वक भरलेल्या काडतुसांच्याही गोळ्या लक्ष्यफलकावर विखुरतात आणि दोष नेमका कोठे आहे हे उमगत नाही.

भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने शिकारीवर सर्वसाधारणपणे बंदी आहे आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा तयार करण्यास परवाना लागतो. म्हणून प्रस्तुत लेखात हा विषय छंद म्हणून विचारात घेतलेला नाही. अनेक कारणे एकाच वेळी परिणाम घडवीत असताना मूळ दोष कसा शोधावा, या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण म्हणून तो मांडला आहे.

प्रश्नाचे गांभीर्य :
अचूकता मोजण्यासाठी सामान्यतः १०० यार्डांवरील (सुमारे ९१ मीटर) लक्ष्यावर गोळ्या झाडतात आणि सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या केंद्रांमधील अंतर घेतात. छिद्रांच्या या समूहाला येथे ‘पुंजका’ म्हटले आहे. १०० यार्डांवर तीन इंचांचा असलेला पुंजका ३०० यार्डांवर किमान नऊ इंचांचा होतो. हरणाच्या हृदय व फुप्फुसांचा भाग ढोबळमानाने आठ इंच व्यासाचा धरला जातो. म्हणजे नेम बरोबर धरूनही गोळी त्या भागाबाहेर जाऊ शकते आणि जखमी जनावर रानात निघून जाऊन यातना भोगत मरते. या प्रश्नाची नैतिक बाजू ती हीच.

दोष खरोखर आहे काय? :
पहिली चूक मोजमापातच होते. तीन गोळ्यांचा एक पुंजका लहान आला की काडतूस चांगले, मोठा आला की वाईट, असा निर्णय दिला जातो. परंतु गोळ्यांचे विखुरणे ही संख्याशास्त्रीय बाब आहे. विखुरणे प्रसामान्य वितरणाचे आणि सर्व दिशांना सारखे असेल, तर तीन गोळ्यांच्या पुंजक्याची सरासरी रुंदी प्रमाण विचलनाच्या सुमारे २.४ पट येते. दहा गोळ्यांची सुमारे ३.८ पट. म्हणजेच, जी रायफल तीन गोळ्यांत सरासरी एक इंच दाखवते तीच दहा गोळ्यांत १.६ इंच दाखवेल. शिवाय तीन गोळ्यांचे पुंजके केवळ योगायोगानेही खूप लहानमोठे होतात. म्हणून निदान दहा गोळ्या झाडल्याविना दोन काडतुसांची तुलना करणे व्यर्थ होय.

दुसरी दक्षता नेमबाजाविषयी. रायफल वाळूच्या पिशव्यांवर स्थिर ठेवून, शक्य तर दुसऱ्या अनुभवी व्यक्तीकडूनही झाडून पाहावी. त्याच बैठकीत कारखान्यात तयार झालेली चांगल्या प्रतीची काडतुसेही वापरावीत. तीही तितकीच विखुरली, तर आपल्या काडतुसांवर प्रथम संशय घेण्याचे कारण उरत नाही.

मोठा दोष आधी :
परस्परांवर अवलंबून नसलेल्या दोषांची सरळ बेरीज होत नाही. त्यांच्या वर्गांची बेरीज होते व तिचे वर्गमूळ हा एकूण परिणाम असतो. समजा, रायफलमुळे २.५ इंच आणि काडतुसांमुळे १ इंच विखुरणे होते. एकूण विखुरणे २.७ इंच येईल. खपून काडतुसांचा दोष निम्म्यावर आणला, तरी एकूण आकडा सुमारे २.५५ इंचच राहतो. याउलट रायफलचा दोष १ इंचावर आणला, तर एकूण विखुरणे १.४ इंचावर येते. काडतूस भरणारा मात्र दारूच्या वजनात पुनःपुन्हा फेरफार करीत राहतो, कारण तेवढेच त्याच्या हाती असते. जे बदलणे सोपे तेच दोषी मानण्याची ही प्रवृत्ती निदानातील सर्वांत मोठा अडथळा ठरते.

रायफलची तपासणी :
प्रारंभ साध्या गोष्टींपासून करावा. दुर्बिणीच्या पकडीचे व दस्त्याचे स्क्रू सैल नाहीत ना, हे पाहावे. निर्दोष ठरलेली दुसरी दुर्बीण बसवून पाहावी. नळी दस्त्यापासून मोकळी ठेवण्याची रचना असेल, तर त्या दोहोंमधून कागदाची पट्टी विनाअडथळा सरकली पाहिजे. लाकडी दस्ता दमट हवेत फुगून नळीवर दाब देऊ शकतो. नळीत साचलेला तांब्याचा थर साफ करावा. नळीच्या मुखाची कडा भिंगातून पाहावी. ती एका बाजूने दुखावलेली असेल, तर बाहेर पडणारे वायू गोळीच्या तळाला असमान रेटा देतात. अमेरिकन संशोधक फ्रँकलिन मान यांनी गोळ्या मुद्दाम विद्रूप करून दीर्घकाळ प्रयोग केले. १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथातून नाकापेक्षा तळाचा दोष अधिक घातक असल्याचे पुढे आले.

पुंजक्याचा आकारही लक्षणासारखा वाचता येतो. छिद्रे दोन वेगळ्या गटांत पडत असतील, तर दुर्बीण किंवा दस्त्यातील बैठक सैल असण्याचा संभव अधिक. नळी तापत जाईल तसतशी छिद्रे एकाच दिशेने सरकत असतील, तर नळीतील ताण अथवा दस्त्याचा दाब शोधावा. कागदावर गोल छिद्राऐवजी लांबट भोक पडत असेल, तर गोळी हवेत स्थिर नाही, हे उघड होय.

काडतुसाची तपासणी :
रायफल निर्दोष ठरल्यावरच काडतुसाकडे वळावे. पहिला विचार गोळीचा. लांब गोळीला स्थिर राहण्यासाठी नळीतील मळसूत्री खाचांचा पीळ अधिक घट्ट लागतो. १८७९ साली ग्रीनहिल यांनी मांडलेल्या सूत्रानुसार, व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणून (अधिक वेगासाठी १८० ने) लांबीने भागले असता आवश्यक पीळ इंचांत मिळतो. ‘.२२-२५० रेमिंग्टन’ या काडतुसाच्या रायफलींत रूढ पीळ १४ इंचांत एक फेरा असा आहे. ०.२२४ इंच व्यासाच्या व ०.९ इंच लांबीच्या गोळीला सूत्राप्रमाणे सुमारे १० इंचांत एक फेरा हवा. अशा नळीत ती गोळी दारूच्या कोणत्याही मापाने नीट जाणार नाही.

त्यानंतर गोळी किती खोल बसली आहे, ती पुंगळीच्या अक्षाशी सरळ आहे काय, पुंगळीच्या मानेची पकड सर्वत्र सारखी आहे काय आणि निरनिराळ्या बनावटीच्या पुंगळ्या मिसळल्या आहेत काय, हे पाहावे. दारूच्या वजनातील सूक्ष्म फरकाला फार महत्त्व दिले जाते. वस्तुतः सेकंदाला २,८०० फूट वेगाच्या गोळीत ५० फुटांचा फरक पडला, तरी १०० यार्डांवर उंचीत केवळ दोन-अडीच मिलिमीटरांचा फरक पडतो. तेथील तीन इंचांचे विखुरणे त्याने स्पष्ट होत नाही. लांब अंतरावर मात्र तो उपेक्षणीय राहत नाही.

सुरक्षिततेची मर्यादा :
अचूकतेच्या शोधात दारू वाढवत जाणे धोक्याचे आहे. ‘.३०-०६ स्प्रिंगफील्ड’ काडतुसासाठी अमेरिकन उद्योगसंस्थेने कमाल दाब दर चौरस इंचाला ६०,००० पौंड ठरवला आहे. गोळी, पुंगळी, प्रायमर किंवा दारू यांपैकी एकही घटक बदलला, तरी दाब बदलतो. गोळी नळीच्या खाचांना टेकेल अशी बसवल्यासही तो वाढतो. म्हणून प्रत्येक बदलानंतर प्रकाशित पुस्तिकेतील प्रारंभिक मापापासूनच पुन्हा सुरुवात करणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :
मोजमाप विश्वासार्ह करणे, ज्ञात काडतुसाशी तुलना करणे, सर्वांत मोठा दोष प्रथम शोधणे, एका वेळी एकच घटक बदलणे आणि प्रत्येक निकालाची लेखी नोंद ठेवणे, हा निदानाचा क्रम होय. दोन गोष्टी एकदम बदलून पुंजका सुधारला, तर समाधान मिळते. पण कारण कळत नाही, आणि तोच दोष पुन्हा उद्भवल्यास सारा शोध नव्याने करावा लागतो. एवढे करूनही अपेक्षित अचूकता मिळाली नाही, तर आपल्या रायफलची मर्यादा मान्य करून तेवढ्याच अंतरावरून गोळी झाडणे, किंवा न झाडणे, हाच शिकाऱ्याचा धर्म ठरतो.