ठराव सभेचा, सही मुख्याधिकाऱ्यांची

प्रभागात गटार हवे असले की लोक नगरसेवकाला गाठतात. गटाराची फाइल मात्र मुख्याधिकाऱ्यांच्या सहीशिवाय पुढे सरकत नाही. नगरपरिषदेचा किंवा नगरपंचायतीचा हा प्रशासकीय प्रमुख राज्य सरकार नेमते. त्याची कर्तव्ये आणि अधिकार महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ मध्ये दिले आहेत.

गटाराचेच काम घेऊ. अभियंता अंदाजपत्रक करतो, विषय सर्वसाधारण सभेपुढे येतो. अध्यक्षस्थानी नगराध्यक्ष असतात. मुख्याधिकारी सभेत बसतात, नियम काय आणि तिजोरीत किती, ते सांगतात. पण त्यांना ठराव मांडता येत नाही, मतही देता येत नाही. ठराव मंजूर झाला की अंमलबजावणी त्यांच्याकडे येते: निविदा, कार्यादेश, कामावर देखरेख आणि मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदींवरून ठेकेदाराचे देयक.

ठरावच बेकायदा वाटला तर? मुख्याधिकारी तो स्वतः रद्द करू शकत नाहीत. ते जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवतात. बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध ठरावाची अंमलबजावणी कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी थांबवू शकतात.

याशिवाय रोजचा पसारा आहेच: घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली, बांधकाम परवानग्या, अतिक्रमणे, सफाई, कर्मचाऱ्यांवर नियंत्रण, दप्तराची जपणूक आणि अर्थसंकल्पाची तयारी.

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या स्टॉन्टन शहराने १९०८ मध्ये असा पगारी व्यवस्थापक नेमला आणि पुढे ही पद्धत तिथल्या अनेक शहरांत रुजली. तिथे व्यवस्थापकाला निवडून आलेली परिषदच नेमते आणि तीच काढते. आपल्याकडे नेमणूक आणि बदली दोन्ही सरकारच्या हाती. त्यामुळे मुख्याधिकारी चुकीच्या कामाला नाही म्हणू शकतात. पण काम रखडवणाऱ्या मुख्याधिकाऱ्यांपुढे नगरसेवकांचेही फारसे चालत नाही. निवडणुका लांबल्यामुळे २०२२ नंतर बऱ्याच नगरपरिषदांत मुख्याधिकारीच प्रशासक होते. ठरवणारा आणि राबवणारा एकच झाला, आणि सभेत जाब विचारायला कोणी उरले नाही.

म्हणून नवे काम हवे असेल तर नगरसेवकाकडे जा, कारण ते सभेतच मंजूर होते. मंजूर काम अडले असेल, निकृष्ट होत असेल किंवा कराचे बिल चुकले असेल, तर मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांकासह पोच घ्यायला विसरू नका.